आजीचा खुबा आणि सर जॉन चार्नली

कला शाखेच्या विद्यार्थिनीने वार्षिकांकासाठी एका इंग्रज शल्यचिकित्सकाचे चरित्र लिहायला घ्यावे, याचे माझ्या मैत्रिणींना नवल वाटले. एखाद्या कवीवर, नाटककारावर किंवा समाजसुधारकावर लिही, असे त्यांनी सुचवून पाहिले. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शरीरशास्त्राशी माझा संबंध दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकाबरोबरच संपला होता. तरीही हाच विषय मी का निवडला हे सांगायचे, तर आधी माझ्या आजीबद्दल चार शब्द लिहावे लागतील.

माझी आजी तासगाव तालुक्यातल्या एका लहान गावात राहते. तिचा उभा जन्म द्राक्षाच्या बागेत आणि बेदाण्याच्या शेडवर गेला. २००४ साली, म्हणजे मी जन्मले त्याच वर्षी, तिच्या डाव्या पायाचा खुबा बदलण्यात आला. साठीच्या आतच सांधा इतका झिजला होता, की रात्री कूस बदलणेही तिला जमेना. शस्त्रक्रियेनंतर ती चालू लागली, बागेत जाऊ लागली. मांडी घालून बसायचे नाही आणि उकिडवे बसायचे नाही, एवढेच काय ते पथ्य होते. आमच्या घरी पंगतीला सगळे पाटावर आणि आजी तेवढी खुर्चीवर, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले आहे. दरवर्षी एकदा येऊन क्ष-किरण फोटो काढून जा, असेही डॉक्टरांनी बजावले होते. पहिली तीन वर्षे ती गेली. पुढे, दुखत तर काहीच नाही, मग एस.टी.चे धक्के खात एवढ्या लांब कशाला जायचे, असे म्हणून तिने जाणे सोडले. घरात कोणी आग्रहही धरला नाही.

२०२१ च्या अखेरीस अवकाळी पावसाने बागेची दाणादाण उडाली. त्याच सुमारास आजीची मांडी दुखू लागली. आम्ही दोघी एकाच खोलीत झोपत असल्यामुळे ते मला कळले. बाबांना यातले अक्षरही सांगायचे नाही, असे तिने मला निक्षून सांगितले आणि मी ते ऐकले. जवळजवळ वर्षभर ऐकले. शेवटी एके दिवशी अंगणात चालता चालता ती मटकन खाली बसली, तेव्हा सारे उघड झाले. २०२२ च्या डिसेंबरात मिरजेला तिची दुसरी शस्त्रक्रिया झाली.

शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी बाबांना आणि मला बोलावून एका तबकात ठेवलेल्या दोन वस्तू दाखवल्या. एक होती पांढऱ्या प्लॅस्टिकची जाड काठाची वाटी. वरच्या बाजूने ती झिजून पातळ झाली होती. दुसरी होती धातूची दांडी आणि तिच्या टोकाला सुपारीएवढा गुळगुळीत गोळा. अठरा वर्षे या दोन वस्तूंवर माझी आजी चालत होती. वाटी झिजताना जी बारीक भुकटी सुटली, तिच्यामुळे आजूबाजूचे हाड विरघळत गेले, आणि हे सारे मुकाट्याने, फारसे न दुखता घडत होते, असे डॉक्टर म्हणाले. दुखू लागले तेव्हा बरेच हाड गेलेले होते. दरवर्षीच्या फोटोत ते आधी दिसले असते. एवढे सांगून ते थांबले. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. पण मी मात्र मान वर करू शकले नाही.

हा सांधा ज्यांच्या कल्पनेतून आला, त्या सर जॉन चार्नली यांचे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. नंतर त्यांच्याविषयी मिळेल ते वाचत गेले. वाचता वाचता असे ध्यानात आले, की ज्या चुकीने मी खाली मान घालून बसले होते, त्या जातीच्या प्रसंगातून हा मोठा माणूसही गेला होता. फरक इतकाच, की तो गप्प बसला नव्हता.

जॉन चार्नली यांचा जन्म २९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधल्या लँकेशायर परगण्यात, बरी नावाच्या गावी झाला. मँचेस्टरजवळचे हे गिरण्यांचे गाव. मँचेस्टर म्हटले की आपल्याला स्वदेशीच्या चळवळीत होळी झालेले विलायती कापड आठवते. त्याच धुरकट गिरणगावांच्या मुलखात या मुलाचे बालपण गेले. वडिलांचे औषधांचे दुकान होते, आई परिचारिका होती. म्हणजे रोग, औषध आणि शुश्रूषा हे शब्द घरात नित्याचेच. गावातल्या शाळेतून ते मँचेस्टरच्या विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकायला गेले. १९३५ साली पदवी मिळाली आणि पंचविशीतच ते शल्यचिकित्सेची एफ.आर.सी.एस. ही अवघड परीक्षाही उत्तीर्ण झाले.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर १९४० साली ते लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. पुढे त्यांची रवानगी ईजिप्तमध्ये झाली. तिथे हाडे मोडलेले सैनिक रोज येत. त्यांच्यासाठी लागणाऱ्या पट्ट्या, आधार आणि शस्त्रक्रियेची हत्यारे सुधारण्यासाठी चार्नली लष्करी कारखान्यातल्या कारागिरांत जाऊन बसू लागले. डॉक्टर आणि लोहार यांची ही मैत्री त्यांच्या पुढच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. लेथवर हात बसला, धातूचा स्वभाव कळू लागला. शल्यचिकित्सकाने यंत्रशाळेत पाऊल टाकणे कमीपणाचे आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. पुढे त्यांनी आपल्या घरीच लेथ बसवला.

युद्ध संपल्यावर ते मँचेस्टरला परतले. हॅरी प्लॅट हे तिथले अस्थिरोगशास्त्राचे नामांकित गुरू. त्यांनी या तरुणाला हाताशी धरले. मधला काही काळ चार्नली ऑस्वेस्ट्री येथील हाडांच्या रुग्णालयात होते. तिथली एक घटना त्यांचा स्वभाव दाखवते. कलम केलेले हाड जिवंत हाडाशी कसे जुळते, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांनी एका तरुण सहकाऱ्याला स्वतःच्याच नडगीवर शस्त्रक्रिया करायला लावली. जखम चिघळली, हाडाला जंतुसंसर्ग झाला आणि पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. ज्ञानाची ही किंमत त्यांनी स्वतःच्या पायाने मोजली. स्वतःच्या देहाला प्रयोगशाळा मानण्याची ही खोड पुढेही सुटली नाही, हे आपण पाहूच.

१९४७ साली ते मँचेस्टरच्या मोठ्या रुग्णालयात तज्ज्ञ म्हणून नेमले गेले. १९५० साली त्यांचे मोडलेल्या हाडांच्या उपचारांवरचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शक्यतो चाकू न लावता हाड कसे बसवावे, याचे मार्गदर्शन त्यात होते. एवढ्यावरच ते थांबले असते, तरी अस्थिरोगशास्त्रात त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांचे लक्ष दुसऱ्याच एका प्रश्नाकडे वळले. तो प्रश्न होता झिजलेल्या खुब्याचा.

खुब्याच्या सांध्याची रचना उखळीसारखी असते. कमरेच्या हाडात एक खोलगट वाटी आणि तीत फिरणारा मांडीच्या हाडाचा गोल माथा. दोघांवर कूर्चेचा गुळगुळीत थर. निसर्गाने दिलेला हा थर इतका निसरडा असतो, की बर्फावरून सरकणाऱ्या बर्फापेक्षाही त्याचे घर्षण कमी भरते. चालताना या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो, आणि माणूस एका पायावर वर्षाकाठी सुमारे दहा लाख पावले टाकतो. हा थर एकदा गेला, की हाडावर हाड घासू लागते.

चार्नलींच्या आधी अनेकांनी यावर उपाय शोधले होते. अमेरिकेत बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ साली मांडीच्या हाडाच्या माथ्यावर चक्क काचेची टोपी बसवून पाहिली. ती फुटे, म्हणून १९३८ साली मिश्रधातूची टोपी आली. त्याच वर्षी लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी पूर्ण पोलादी सांधा बसवला. पॅरिसच्या ज्यूदे बंधूंनी चाळिशीच्या दशकात ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा माथा काढला. सुरुवातीला सारे छान वाटे, पण काही वर्षांत सांधा सैल होई.

असाच ज्यूदे पद्धतीचा सांधा बसवलेला एक रुग्ण चार्नलींकडे आला. त्याची तक्रार दुखण्याची नव्हती, आवाजाची होती. जेवताना मीठ-मिऱ्यासाठी तो टेबलावर पुढे वाकला, की त्याचा खुबा करकरे. तो आवाज त्याच्या बायकोला सहन होईना. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने हसून त्याला वाटेला लावले असते. चार्नली मात्र विचारात पडले. दार करकरते ते बिजागरीला तेल नसते म्हणून. मग निसर्गाच्या सांध्यात तेलाचे काम कोण करते? रुग्णाचा माथा वाटीला घट्ट चिकटून फिरत असेल, तर प्रत्येक हालचालीत तो दांडीला हाडातून उपटू पाहणार. म्हणजे सांधा सैल होण्याचे मूळ घर्षणात असले पाहिजे.

त्यांनी प्राण्यांच्या आणि कापून काढलेल्या मानवी अवयवांच्या सांध्यांवर प्रयोग केले. निसर्गातला निसरडेपणा मुख्यतः कूर्चेच्या पृष्ठभागातच आहे, असे त्यांचे मत झाले. या विषयात पुढच्या संशोधकांनी बरीच भर घातली आणि सांध्यातल्या द्रवाचे काम त्यांच्या समजुतीपेक्षा मोठे आहे, हे दाखवून दिले. पण चार्नलींनी काढलेला व्यावहारिक निष्कर्ष मोलाचा ठरला. कृत्रिम सांध्यात नैसर्गिक वंगणावर भिस्त ठेवू नये, पृष्ठभागच मुळात निसरडा असावा.

अंगभूत निसरडेपणा असलेला पदार्थ तेव्हा एकच ठाऊक होता. तो म्हणजे टेफ्लॉन. आज आपल्या स्वयंपाकघरात न चिकटणाऱ्या तव्यावर ज्याचा काळा थर असतो, तोच हा पदार्थ. १९५८ च्या सुमारास चार्नलींनी टेफ्लॉनच्या दोन पातळ टोप्या केल्या. एक वाटीला आतून आणि दुसरी मांडीच्या हाडाच्या माथ्यावर बाहेरून. पितळेच्या भांड्याला कल्हई करावी, तसा हा विचार. भांडे तेच, अस्तर नवे. पण माथ्याचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे आतले हाडच मेले आणि अस्तर निरुपयोगी ठरले.

तेव्हा त्यांनी मांडीच्या हाडाचा माथा कापून त्या जागी बिनगंजी पोलादाचा गोळा असलेली दांडी बसवायला सुरुवात केली. वाटी टेफ्लॉनचीच ठेवली. या वाट्या ते स्वतःच्या लेथवर स्वतः कातत. दांडी हाडाच्या पोकळीत घट्ट बसावी कशी, हा दुसरा प्रश्न होता. मँचेस्टरच्या दंतवैद्यक विभागातले डेनिस स्मिथ हे कवळ्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲक्रिलिकचे जाणकार. त्यांच्याकडून चार्नलींना हाडात भरण्याचे सिमेंट मिळाले. हे सिमेंट डिंकासारखे चिकटत नाही. दगडी भिंतीच्या सांध्यांत चुना भरावा तसे ते दांडी आणि हाड यांच्यामधल्या सगळ्या फटींत शिरते, घट्ट होते आणि भार सगळीकडे सारखा वाटून देते. दंतवैद्याच्या खोलीतले हे द्रव्य खुब्यात आणताना त्यांनी दाखवलेली सूक्ष्म दृष्टी खरोखर थक्क करणारी आहे.

तिसरी कल्पना गोळ्याच्या आकाराची. नैसर्गिक माथा मोठा असतो, म्हणून सगळेजण मोठाच गोळा करत. चार्नलींचाही पहिला गोळा चाळीस मिलिमीटरहून मोठा होता. पण गोळा जितका मोठा, तितकी घर्षणाची पकड मध्यापासून दूर आणि वाटीला मिळणारा पीळ जास्त. जात्याचा खुंटा मध्यापासून जितका दूर तितका जोर अधिक, हे आपल्या आज्यांना पुस्तकाशिवाय कळत होते. चार्नलींनी गोळा लहान करत करत सात अष्टमांश इंचावर, म्हणजे सुमारे २२ मिलिमीटरवर आणला. गोळा लहान झाला तशी वाटी जाड करता आली. आजीच्या तबकातला सुपारीएवढा गोळा तो हाच.

१९६१ साली त्यांनी ही नवी शस्त्रक्रिया लॅन्सेट या सुप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकातून जगापुढे ठेवली. त्याच वर्षी विगन गावाजवळच्या राइटिंग्टन रुग्णालयात खुब्याच्या शस्त्रक्रियेचे खास केंद्र सुरू झाले. हे मूळचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम. नव्या औषधांमुळे क्षय आटोक्यात येऊ लागला आणि तिथल्या खाटा रिकाम्या होऊ लागल्या. शहरातल्या मोठ्या रुग्णालयाचा मान सोडून चार्नली त्या आडगावात गेले. वर्षानुवर्षे खाटेला खिळलेली माणसे काही आठवड्यांत चालत घरी जाऊ लागली. यशाची कमान चढती होती.

आणि मग ती कोसळली. दोन-तीन वर्षांतच रुग्ण परत येऊ लागले. टेफ्लॉन निसरडा होता, पण टिकाऊ नव्हता. पोलादी गोळा त्यात भराभर रुतत चालला होता. झिजून निघालेल्या भुकटीमुळे सांध्याभोवती सुजलेल्या मांसाचे गोळे वाढत होते आणि हाड खाल्ले जात होते. असे सुमारे ३०० रुग्ण होते. प्रत्येकाच्या अंगात चार्नलींच्या हातून गेलेली वस्तू होती.

या काळात ते रात्री झोपेतून उठून डोके हातात धरून बसत, असे त्यांच्या पत्नीने पुढे सांगितले आहे. त्यांना गप्प बसता आले असते. दोष रुग्णांच्या प्रकृतीवर, वयावर किंवा कारखानदाराच्या मालावर ढकलता आला असता. त्यांनी तसे केले नाही. शस्त्रक्रिया फसली आहे हे त्यांनी रुग्णांपाशी कबूल केले. बिघडलेले सांधे काढण्याची पुनःशस्त्रक्रिया त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. पहिल्या शस्त्रक्रियेपेक्षा ती कितीतरी कठीण आणि कीर्ती न देणारी. शिवाय टेफ्लॉनची भुकटी खरोखरच घातक आहे का, याची खात्री करून घेण्यासाठी त्यांनी ती स्वतःच्या मांडीत घातली. काही महिन्यांनी तिथे गाठी हाताला लागू लागल्या. १९६३ साली त्यांनी हे सारे लॅन्सेटमधूनच जाहीर केले. ज्या पानांतून यश सांगितले होते, त्याच पानांतून अपयशही सांगितले.

उपाय मात्र एका अनपेक्षित दाराने आला. राइटिंग्टनच्या कार्यशाळेत हॅरी क्रेव्हन नावाचे एक कुशल तंत्रज्ञ होते. निरनिराळे पदार्थ किती झिजतात हे मोजणारे यंत्र त्यांनी तयार केले होते. १९६२ च्या मे महिन्यात एक विक्रेता त्यांच्याकडे आला. लँकेशायरच्या मागांसाठी प्लॅस्टिकची दातेरी चाके तो विकत असे. त्याने दाखवलेला पदार्थ होता अतिदीर्घ रेणूंचे पॉलिएथिलीन. चार्नलींनी त्या तुकड्यावर अंगठ्याचे नख रुतवून पाहिले, नापसंती दर्शवली आणि ते निघून गेले. क्रेव्हन यांना मात्र राहवले नाही. चार्नली परदेशी गेलेले असताना त्यांनी तो तुकडा यंत्रावर चढवला. रात्रंदिवस चाललेल्या यंत्रावर तीन आठवड्यांत तो जेवढा झिजला, त्यापेक्षा टेफ्लॉन एका दिवसात अधिक झिजत असे. परतल्यावर चार्नलींनी ते पाहिले आणि आपला आधीचा शेरा तिथल्या तिथे मागे घेतला. स्वभावाने ते तापट होते, सहकाऱ्यांना त्यांचा धाक वाटे. पण पुराव्यापुढे त्यांची मान लवे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॉलिएथिलीनची पहिली वाटी रुग्णाला बसवली गेली. त्याच्या भुकटीची परीक्षाही त्यांनी स्वतःच्या मांडीत घेतली. तिथे गाठी आल्या नाहीत.

आता एखाद्याने जगभर डंका पिटला असता. चार्नलींनी उलट दारे लावून घेतली. सांधा बनवणाऱ्या लीड्सच्या थॅकरे कंपनीकडून तो कोणालाही घेता येत नसे. शल्यचिकित्सकाने आधी राइटिंग्टनला येऊन पद्धत शिकावी, मगच सांधा न्यावा, असा दंडक कित्येक वर्षे होता. पुष्कळांना हा अहंकार वाटला. पण ३०० माणसांचे ओझे ज्याच्या छातीवर होते, त्याला घाई कशी परवडावी? रुग्णांना ते वर्षानुवर्षे तपासणीसाठी बोलावत. आपल्या मृत्यूनंतर तो सांधा तपासायला परत मिळू द्यावा, अशी विनंतीही ते रुग्णांना करत, आणि अनेकांनी ती आनंदाने मान्य केली.

जंतुसंसर्गाच्या बाबतीतही त्यांनी अशीच चिकाटी दाखवली. सुरुवातीला शंभरांतल्या सात ते नऊ रुग्णांची जखम चिघळत असे. हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांचे जाणकार हॉवर्थ यांच्या मदतीने त्यांनी शस्त्रक्रियागृहातच काचघरासारखी एक बंदिस्त खोली उभी केली. गाळलेली हवा वरून खाली वाहायची आणि शल्यचिकित्सकांचा उच्छ्वास नळीवाटे बाहेर जायचा. या आणि अशा इतर सुधारणांनी ते प्रमाण शेकडा एकाच्या आत आले.

मानसन्मान आपोआप आले. १९७४ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार, १९७५ साली रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १९७७ साली सर ही पदवी. ५ ऑगस्ट १९८२ रोजी हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये १९६९ ते १९७१ या काळात बसवलेल्या त्यांच्या पद्धतीच्या २००० सांध्यांचा मागोवा पुढे पंचवीस वर्षे घेतला गेला. तेव्हा शंभरांपैकी सुमारे ऐंशी सांधे न बदलता टिकल्याचे आढळले.

उरलेल्या वीसांचे काय? माझी आजी त्या जातीतली. सांध्याभोवतीचे हाड का विरघळते, याचा दोष आधी सिमेंटला दिला गेला. पुढे कळले, की मुख्य गुन्हेगार पॉलिएथिलीनची अतिसूक्ष्म भुकटी आहे. टेफ्लॉनचाच आजार, पण कितीतरी मंद गतीचा. किरणांचा मारा करून रेणू एकमेकांत गुंफलेले, कमी झिजणारे पॉलिएथिलीन त्यावर उपाय म्हणून आले.

दुसरा उपाय धातूच्या पृष्ठभागावर झाला, आणि इथे आपली कल्हई पुन्हा आठवते. सिमेंटशिवाय धातू आणि हाड यांची गाठ घालायची, तर नुसता गुळगुळीत धातू हाडाला परकाच राहतो. म्हणून दांडीवर टायटॅनियमचा खडबडीत, सच्छिद्र थर चढवू लागले. त्या बारीक छिद्रांत हाड स्वतःच वाढते आणि दांडीला धरून ठेवते. शेणाने सारवण्यापूर्वी भिंत खरवडून घेतात, त्यातला हेतूही काहीसा असाच. १९८५ साली लंडनमध्ये रोनाल्ड फर्लाँग यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. आपल्या हाडांत जे खनिज असते, त्या हायड्रॉक्सिॲपटाइटचाच पातळ लेप त्यांनी दांडीवर दिला. अतितप्त वायूच्या झोतातून ही भुकटी धातूवर फवारतात. लेपाची जाडी साधारण मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. हाडाला तो आपलाच वाटतो आणि नवे हाड त्यावर येऊन बसते.

पण प्रत्येक ठिकाणी खडबडीतपणाच बरा, असेही नाही. एक्झिटरचे रॉबिन लिंग आणि क्लाइव्ह ली यांनी १९७० साली सिमेंटात बसणारी चकचकीत दांडी काढली होती. १९७६ साली तिचा पृष्ठभाग मंद, खरखरीत करण्यात आला, कारण तो सिमेंटाला अधिक धरील असे वाटले. झाले उलटेच. दांड्या अधिक सैल होऊ लागल्या आणि १९८६ साली पुन्हा चकचकीत पृष्ठभागाकडे वळावे लागले. सिमेंटात गुळगुळीत बरी आणि उघड्या हाडात खडबडीत बरी, हे शहाणपण रुग्णांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी ठेवल्यामुळेच हाती आले. चार्नलींनी घालून दिलेला कित्ता तो हाच.

माझ्या आजीला २०२२ साली जी नवी दांडी बसवली, ती अशी खडबडीत पृष्ठभागाची आहे. तिच्यावर हाडाच्या खनिजाचा पांढुरका लेप होता. शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टरांनी नमुन्याची दांडी माझ्या हातात दिली होती. बोट फिरवले तर बारीक वाळूच्या कागदासारखी लागली. पहिले काही आठवडे आजीला त्या पायावर पूर्ण भार टाकू दिला नाही, कारण हाड तिच्याशी जुळायला वेळ लागतो. आजी काठी घेऊन चालते. बेदाण्याच्या शेडवर खुर्ची टाकून बसते आणि निवडणाऱ्या बायकांवर नजर ठेवते. पण पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ती जशी चालायची, तशी आता चालत नाही. गेलेले हाड पूर्णपणे परत येत नाही.

त्या वर्षभरात मी बाबांना सांगितले असते तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला सोडत नाही. आजीचा शब्द मोडायचा नाही, हे मी निष्ठा समजले होते. चार्नलींचे चरित्र वाचल्यावर ती निष्ठा मला थोडी वेगळी दिसू लागली. दुखणे लपवणे सोपे होते. आजीला बाबांचा खर्च वाचवायचा होता आणि मला आजीची मर्जी राखायची होती. आतले हाड मात्र रोज थोडे थोडे जात होते. त्या गृहस्थाने ३०० माणसांना तोंड दिले. मला एका माणसाला तोंड द्यायचे होते आणि ते माझे वडील होते. शस्त्रक्रियेनंतर मी बाबांना सारे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुढच्या वर्षीच्या फोटोची तारीख त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवायला मला सांगितले.

आता दर डिसेंबरात मी आजीला मिरजेला घेऊन जाते. ती कुरकुरते. दुखत नसताना डॉक्टरकडे जाणे तिला अजूनही पटत नाही. फोटो चांगला आला, की एस.टी. स्टँडवर आम्ही दोघी चहा पितो आणि परत येतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा खुबा किंवा गुडघा बसवलेला असेल आणि दरवर्षी या म्हणून सांगितलेली चिठ्ठी कुठल्यातरी पिशवीत पडून असेल. हा लेख वाचून एखाद्याने जरी ती चिठ्ठी शोधून काढली, तरी कला शाखेच्या विद्यार्थिनीने हा विषय का निवडला, याचे उत्तर माझ्या मैत्रिणींना मिळेल.